समुद्राचा प्रवाह आवाजाने मोजतात

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. आमचे गाव मूर्तिजापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी. घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. भूगोलात सागरी प्रवाह शिकलो व घरी सांगू लागलो, तेव्हा वडील म्हणाले, "काय रे बाबू, त्या समुद्राचं आपल्याले काय करा लागते?"

"बाबा, आपल्या पूर्णेचं पाणी तापीत जाते अन् तापी सुरतेपुढं समुद्राले भेटते."

"अन् मंग पुढं थे कुठं जाते, कोणाले दिसते?"

प्रश्न रास्त होता. पुराचा वेग पाहायचा तर आपण वाहता पाला पाहतो. समुद्रातही तेच करतात, पण आवाजाने. जहाजाच्या तळाशी बसवलेले यंत्र पाण्यात तिरप्या दिशांनी आवाज सोडते. पाण्यातले सूक्ष्म जीव व कण प्रवाहाबरोबर वाहत असतात. त्यांच्यावर आदळून प्रतिध्वनी परत येतो. बडनेऱ्याला न थांबणाऱ्या गाडीचा भोंगा येताना चढा आणि जाताना उतरता ऐकू येतो ना? डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडलेले तत्त्व ते हेच. सेकंदाला १,५०,००० कंपनांचा आवाज सोडला आणि कण सेकंदाला अर्धा मीटर वेगाने यंत्राकडे येत असेल, तर प्रतिध्वनीत सुमारे १०० कंपने वाढतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणून ०.२ सेकंदाने परतलेला प्रतिध्वनी १५० मीटर अंतरावरचा. अशा रीतीने थराथराचा वेग कळतो.

खरी अडचण निराळीच आहे. धावत्या एस.टी.च्या खिडकीतून हात काढला की वारा लागतो, बाहेर पऱ्हाटीचे पान हलत नसले तरी! जहाज सेकंदाला ५ मीटर जाते, प्रवाह पुष्कळदा अर्धा मीटरही नसतो. जहाजाचा वेग वजा करावा लागतो, त्यासाठी उपग्रहाची मदत घेतात. दिशा मोजण्यात एका अंशाची चूक झाली, तर सेकंदाला सुमारे ९ सेंटिमीटरचा खोटा प्रवाह दिसू लागतो.

१९६६ साली स्थापन झालेली, गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे काम करते. पश्चिम किनाऱ्यालगत अशी यंत्रे पाण्याखाली नांगरूनही ठेवली गेली आहेत. तेथील किनारी प्रवाह साधारणपणे पावसाळ्यात दक्षिणेकडे व हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो.

हे सांगितले तेव्हा वडील थोडा वेळ गप्प होते.

"म्हणजे दिवाळीनंतर पाणी उलटं फिरते?"

"हो."

"आपली पूर्णा बरी मंग. एकाच बाजूनं जाते."