एका शब्दाने बिघडतो आरोग्याचा तक्ता

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत एमडी, एमएस करणाऱ्या डॉक्टरांना प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी रुग्णांची माहिती तक्त्यात भरून तिचे विश्लेषण करायचे असते. या कामासाठी जगभर वापरली जाणारी एक मोफत संगणकीय भाषा म्हणजे ‘आर’. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती १९९०च्या दशकात तयार केली.

आरोग्याची माहिती एकाच प्रकारची नसते. सुरगाणा, पेठसारख्या आदिवासी तालुक्यांतील सिकलसेल तपासणीचेच उदाहरण घ्या. नाव हा मजकूर, हिमोग्लोबिन ही संख्या, तपासणीचा दिवस ही तारीख. तर ‘एए’, ‘एएस’, ‘एसएस’ म्हणजे निरोगी, वाहक आणि रुग्ण असे गट. हे सारे एकत्र ठेवण्यासाठी ‘आर’मध्ये ‘डेटा फ्रेम’ नावाचा तक्ता असतो. त्याचा नियम सोपा आहे: प्रत्येक स्तंभाचा प्रकार वेगळा असू शकतो, पण एका साध्या स्तंभात एकच प्रकार बसतो.

घोटाळा इथेच होतो. समजा, हिमोग्लोबिनच्या स्तंभात ७.५, १०.२, ११ या आकड्यांखाली कुणी ‘तपासले नाही’ असे लिहिले. त्या एका नोंदीमुळे संपूर्ण स्तंभ मजकूर बनतो. एप्रिल २०२०मध्ये ४.०.० ही आवृत्ती येईपर्यंत ‘आर’ असा मजकूर आपोआप गटांत बदलत असे. गटांना अक्षरक्रमाने क्रमांक मिळतात. त्यामुळे १०.२ला १, ११ला २, ७.५ला ३ आणि ‘तपासले नाही’ला ४. हा स्तंभ थेट संख्येत बदलला की हेच क्रमांक हाती येतात, तेही कोणत्याही इशाऱ्याविना. प्रौढांमध्ये ८पेक्षा कमी हिमोग्लोबिन हा सहसा तीव्र रक्तक्षय मानला जातो. इथे मात्र ७.५वाली रुग्ण बाकी दोघींपेक्षा सुदृढ ठरते आणि जिची तपासणीच झाली नाही, ती सर्वांत सुदृढ! आजही स्तंभ गटांच्या रूपात असेल, तर हा धोका कायम आहे.

उपाय साधे आहेत. तपासणी झाली नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. शून्य लिहू नये, कारण शून्यही सरासरीत धरले जाते. कारण नोंदवायचे असल्यास वेगळा स्तंभ करावा. सरासरी काढण्यापूर्वी प्रत्येक स्तंभाचा प्रकार तपासावा. त्याला मिनिटही लागत नाही. पण चुकीच्या सरासरीवर आखलेले उपचार खऱ्या रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत.