वाहनचालकाचा अवधानभंग : धोके आणि प्रतिबंध

प्रस्तावना :

'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये' अशा आशयाची सूचना एस. टी. बसमधून प्रवास करणाऱ्या महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी वाचलेली आहे. मोबाईल फोन सर्वसामान्यांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधीची ही सूचना आहे. बोलणाऱ्या माणसाचे हात मोकळे असले तरी त्याचे मन मोकळे नसते, हे साधे मानसशास्त्रीय सत्य तिच्यात सामावलेले आहे. आज प्रत्येक चालकाच्या खिशात किंवा हँडलवर एक असे साधन आहे की जे त्याच्याशी सतत बोलू पाहते. त्याच्याविषयीची सर्वसाधारण समजूत मात्र अशी आहे की, फोन हातात धरला नाही म्हणजे धोका टळला. प्रस्तुत लेखात वाहन चालवताना होणाऱ्या अवधानभंगाचे स्वरूप, त्याची कारणे, त्यासंबंधीचे कायदे आणि प्रतिबंधाचे उपाय यांचा विचार केला असून, हा प्रश्न मुख्यतः हातांचा नसून मनाचा आहे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अवधानभंगाची संकल्पना :

वाहन चालवण्याच्या कामावरून चालकाचे लक्ष दुसऱ्या एखाद्या गोष्टीकडे वळणे म्हणजे अवधानभंग होय. त्याचे सामान्यतः तीन प्रकार मानले जातात. पहिला दृष्टीचा अवधानभंग. यात चालकाची नजर रस्त्यावरून हटते; उदा. संदेश वाचणे, रस्त्याकडेचे फलक पाहणे. दुसरा हातांचा अवधानभंग. यात एक किंवा दोन्ही हात स्टिअरिंग अथवा हँडलवरून सुटतात, उदा. पाण्याची बाटली उघडणे, गाणे बदलणे. तिसरा मनाचा अवधानभंग. यात नजर रस्त्यावर आणि हात हँडलवर असूनही विचार अन्यत्र गुंतलेले असतात. पहिले दोन प्रकार बाहेरून दिसतात. तिसरा दिसत नाही. म्हणूनच तो अधिक दुर्लक्षित राहिला आहे.

मोबाईलवर संदेश लिहिण्याच्या कृतीत हे तिन्ही प्रकार एकाच वेळी घडतात. त्यामुळे ती सर्वांत घातक ठरते. परंतु अवधानभंगाचे कारण केवळ मोबाईल हेच नाही. मागच्या आसनावर भांडणारी मुले, गाडीत चाललेला वाद, वाटेत दिसलेला दुसऱ्याचा अपघात आणि चौकाचौकांतील चकाकते जाहिरातफलक हीदेखील अवधानभंगाचीच कारणे होत. रस्त्याकडेच्या ज्या फलकांमुळे चालकांचे लक्ष विचलित होऊन वाहतुकीस धोका निर्माण होतो, ते हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या संदर्भात १९९७ मध्येच दिला होता.

मानवी अवधानाची मर्यादा :

मराठीत 'अष्टावधानी' हे विशेषण गौरवाने वापरले जाते. एकाच वेळी अनेक कामे करणारी व्यक्ती कार्यक्षम मानली जाते. तथापि, लक्ष द्यावे लागेल अशी दोन कामे मेंदू प्रत्यक्षात एकाच क्षणी करीत नाही. तो एका कामावरून दुसऱ्यावर झपाट्याने ये-जा करतो. घरी बसून काम करताना या ये-जा करण्यात गेलेला अर्धा क्षण जाणवत नाही. धावत्या वाहनात मात्र तोच निर्णायक ठरू शकतो.

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. चेंडू एकमेकांकडे फेकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवून चेंडू किती वेळा फेकला गेला हे मोजण्यास प्रेक्षकांना सांगण्यात आले. मोजणीत गुंतलेल्या सुमारे निम्म्या प्रेक्षकांना खेळाडूंच्या मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातील माणूस दिसलाच नाही. त्यांचे डोळे उघडे होते, दृश्य समोर होते. परंतु अवधान अन्यत्र होते. अपघातानंतर 'तो माणूस अचानक समोर आला' असे अनेक चालक सांगतात. त्यांतील काही जण खोटे बोलत नसतात. समोरचा माणूस त्यांना खरोखरच दिसलेला नसतो.

काही सेकंद आणि काही मीटर :

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोबाईलवर संदेश पाठवणाऱ्या ट्रकचालकांची नजर सहा सेकंदांच्या अवधीत सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावरून दूर असल्याचे आढळले. ताशी ६० किलोमीटर वेगाने ४.६ सेकंदांत सुमारे ७७ मीटर अंतर कापले जाते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांबीचे असते. म्हणजेच एका संदेशासाठी चालक जवळजवळ सहा मैदानांइतके अंतर डोळे मिटून जातो असे म्हणता येईल. द्रुतगती मार्गावर वेग ताशी १०० किलोमीटर असल्यास हेच अंतर सुमारे १२८ मीटर होते. एखादे मूल रस्ता ओलांडण्यास, पुढचे वाहन ब्रेक लावण्यास किंवा दुभाजकातून जनावर बाहेर येण्यास याहून पुष्कळ कमी अंतर पुरते.

'हँड्सफ्री'विषयीचा गैरसमज :

फोन कानाला न लावता ब्ल्यूटूथ किंवा इअरफोनद्वारे बोलणे सुरक्षित असते, ही समजूत सुशिक्षित वर्गातही दृढ आहे. संशोधनाचा निष्कर्ष निराळा आहे. कॅनडातील टोरांटो येथे रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी अपघातग्रस्त ६९९ चालकांच्या फोन नोंदी तपासल्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार फोनवर बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रुग्णालयात दाखल झालेल्या ४५६ चालकांच्या २००५ मधील अभ्यासातही हेच प्रमाण आढळले. विशेष म्हणजे, हँड्सफ्री साधनाचा कोणताही लाभ या दोन्ही अभ्यासांत दिसून आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही हँड्सफ्री फोन हातातील फोनपेक्षा फारसा सुरक्षित नसल्याचे नमूद केले आहे.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. शेजारी बसलेल्या प्रवाशाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांत फरक तो काय? यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला आहे. शेजारच्या प्रवाशाला रस्ता दिसत असतो. वळण आले, गर्दी वाढली की तो बोलणे थांबवतो, प्रसंगी 'सांभाळून' असेही म्हणतो. फोनवरील व्यक्तीला यांपैकी काहीच दिसत नाही. ती उत्तराची वाट पाहत असते. शिवाय संभाषण संपताच अवधान पूर्ववत होते असेही नाही. स्ट्रेयर यांच्या २०१५ मधील अभ्यासात, मोटारीतील व्हॉइस यंत्रणेला तोंडी आज्ञा दिल्यानंतर काही वेळा २७ सेकंदांपर्यंत त्याचा परिणाम टिकून राहिल्याचे दिसले. ताशी ६० किलोमीटर वेगाने एवढ्या वेळात वाहन ४५० मीटर पुढे गेलेले असते.

आकडेवारी आणि तिच्या मर्यादा :

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. देशातील एकूण मृतांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होते. याच अहवालात मोबाईलच्या वापरामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे दोन टक्के, तर अतिवेगामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ७१ टक्के आहे.

वरवर पाहता मोबाईलचा धोका यावरून नगण्य वाटेल. मात्र या नोंदी कशा तयार होतात हे लक्षात घेणे आवश्यक आहे. दारूचा अंश रक्तात सापडतो, वेगाचा अंदाज वाहनाच्या अवस्थेवरून बांधता येतो. परंतु मनात चाललेल्या विचाराची खूण घटनास्थळी उरत नाही. फोनवर बोलत असल्याचे चालक स्वतःहून सांगत नाही आणि प्रत्येक प्रकरणात फोनच्या नोंदी तपासल्या जात नाहीत. एकाच अपघाताला अतिवेग आणि अवधानभंग ही दोन्ही कारणे असली तरी नोंद बहुधा एकाचीच होते. त्यामुळे दोन टक्के हा आकडा सिद्ध झालेल्या प्रकरणांचा आहे, प्रत्यक्ष धोक्याचा नव्हे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

कायद्याची भूमिका :

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये कलम १८४ मध्ये, वाहन चालवताना हातात धरावयाच्या संपर्क साधनाचा वापर करणे याचा धोकादायक वाहनचालनात स्पष्ट समावेश करण्यात आला. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. केवळ मार्गदर्शनासाठी, चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने साधन वापरण्याची मुभा २०२० मधील नियमदुरुस्तीने दिली. वाहन चालवताना मोबाईल वापरणाऱ्यांचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने राज्यांना २०१५ मध्ये दिले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार, निष्काळजीपणामुळे मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक व्यवस्थापन यंत्रणाही कार्यान्वित झाली आहे.

या तरतुदी आवश्यक आहेत. परंतु कायदा आणि कॅमेरा यांना चालकाचा हात दिसतो, मन दिसत नाही. इअरफोन लावून तावातावाने वाद घालणारा चालक कलम १८४ च्या शब्दांतून सुटू शकतो. म्हणून या प्रश्नाचा उर्वरित भाग सवयी आणि सामाजिक संकेत यांच्या आधारेच सोडवावा लागेल.

प्रतिबंधाचे उपाय :

१. वैयक्तिक पातळीवर : वाहन सुरू करण्यापूर्वीच फोन 'ड्रायव्हिंग मोड'वर ठेवावा. तो नसल्यास आवाज बंद करून फोन बॅगेत किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवावा. मार्ग पाहणे, आरसे व आसन नीट करणे ही कामे निघण्यापूर्वी उरकावीत. फोन घेणे अपरिहार्य असल्यास रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागी थांबून बोलावे. महामार्गाच्या कडेला वाहन उभे करणे हा नवा धोका होय. दुचाकीस्वारांनी हेल्मेट व कान यांच्यामध्ये फोन अडकवून मान तिरकी करून बोलण्याची सवय कटाक्षाने टाळावी. यात अवधान, तोल आणि एका बाजूची नजर असे तिन्ही गमावले जाते.

२. कौटुंबिक पातळीवर : घरातून निघालेल्या व्यक्तीला 'कुठे पोहोचलास?' असे वारंवार विचारण्यामागे काळजी असते. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर देतानाच अपघात घडू शकतो. पोहोचल्यावर निरोप देण्याचा संकेत घरोघरी रूढ व्हावा.

३. व्यावसायिक पातळीवर : घरपोच वस्तू पोहोचविणारे तरुण आणि ॲपवर चालणाऱ्या टॅक्सींचे चालक यांना कामाचा भाग म्हणूनच फोनकडे पाहावे लागते. त्यांना केवळ दोष देणे न्याय्य नाही. वाहन धावत असताना नवी मागणी न पाठविणे, तसेच विलंबासाठी दंड न आकारणे ही जबाबदारी काम देणाऱ्यांनी स्वीकारली पाहिजे.

४. रस्तारचनेच्या पातळीवर : मार्गिकेबाहेर जाताच चाकांना हादरा देणाऱ्या पट्ट्या, वळणांवरील जाहिरातफलकांना मनाई, महामार्गांवर ठराविक अंतरावर सुरक्षित थांबे यांमुळे एका क्षणाच्या चुकीची किंमत जीव देऊन मोजावी लागणार नाही.

महाविद्यालयांची भूमिका :

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग दुचाकीने ये-जा करतो. तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयांतील अनेक प्राध्यापकही रोज लांबचा प्रवास करतात. याच प्रवासाच्या वेळेत कार्यालयातून माहिती मागविणारे फोन येतात आणि विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर 'तातडीचे' संदेश पडतात. विद्यार्थी वर्गशिक्षकांना आणि वर्गशिक्षक विद्यार्थ्यांना फोन करतात, तेव्हा पलीकडची व्यक्ती कोणत्या स्थितीत आहे याचा विचार क्वचितच होतो. अवधानभंगाला दोन टोके असतात. एका टोकाला चालक असतो, तर दुसऱ्या टोकाला त्याला फोन करणारा. दुसऱ्या टोकाची जबाबदारी कोणत्याही कलमात नमूद नाही. म्हणून ती संस्थांनी आपणहून स्वीकारणे गरजेचे आहे.

यासाठी खर्चिक योजनेची आवश्यकता नाही. ये-जा करण्याच्या वेळेत फोन उचलला नाही म्हणून कोणासही जाब विचारला जाणार नाही, असे प्राचार्यांनी स्पष्ट केल्यास मोठा फरक पडेल. संभाषणाच्या प्रारंभी 'आपण वाहन चालवत आहात का?' असे विचारावे आणि होकार आल्यास त्वरित फोन बंद करावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी फोन वापरत येणाऱ्या चालकांची नावे न नोंदविता केवळ मोजणी करावी व काही महिन्यांनी ती पुन्हा करावी. मानसशास्त्राच्या वर्गात अवधानावरील प्रयोग आणि भौतिकशास्त्राच्या वर्गात वेग व थांबण्याचे अंतर यांची उदाहरणे रस्त्यावरील अनुभवाशी जोडल्यास विषय अधिक अर्थपूर्ण होईल. शिक्षकाने स्वतः फोनवर बोलत आवारात गाडी आणली, तर मात्र या साऱ्या शिकवणीचे मोल उरणार नाही.

समारोप :

अवधानभंग हा चालकाला स्वतःला न जाणवणारा धोका आहे. फोनवर बोलत असतानाही शंभर वेळा सुखरूप पोहोचलेल्या चालकाला आपण कुशल आहोत असे वाटते. वास्तविक त्या शंभर वेळी समोर काही आलेले नसते, इतकेच. कायदा हातांना आवर घालू शकेल, रस्त्याची रचना चूक काही अंशी पोटात घालू शकेल; परंतु लक्ष रस्त्यावर ठेवण्याचे काम चालकाचेच राहील आणि ते त्याला करू देण्याचे काम इतरांचे. महाराष्ट्रातील रस्त्यांच्या कडेला 'मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक' हे वाक्य वर्षानुवर्षे रंगविलेले दिसते. ते प्रामुख्याने वेगाला उद्देशून आहे असे मानले गेले. आजच्या काळात फोन वाजताच त्याच्याकडे धावणाऱ्या मनालाही ते तितकेच लागू पडते.