काळ्या भाकरीची कुकी

रात्रीचे साडेअकरा. सबमिशन उद्या. मेस कधीच बंद झालीय. अशा वेळी हॉस्टेलच्या कपाटातून जो बिस्किटपुडा बाहेर येतो, त्यावर गव्हाच्या ओंब्यांचं चित्र असतं आणि ‘ओट्स’, ‘मल्टिग्रेन’, ‘हाय फायबर’ यांपैकी निदान एक शब्द. आपण दोन खायच्या ठरवतो आणि सहा खातो. हेल्दी आहेत ना, मग काय!

आता एक करा. तोच पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. घटक पदार्थांच्या यादीत जे वजनाने सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी लिहावं लागतं. बऱ्याच पुड्यांवर पहिलं नाव मैद्याचं निघेल, त्यामागे साखर आणि तेल. पुढच्या बाजूला मोठ्ठं दिसणारं ओट्स मागे कुठेतरी चार-पाच टक्क्यांवर सापडेल. एफएसएसएआयच्या नियमानुसार ‘हाय फायबर’ म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये किमान ६ ग्रॅम फायबर हवं, नुसतं ‘फायबर आहे’ म्हणायला ३ ग्रॅम पुरतं. ‘मल्टिग्रेन’ या शब्दाचा फायबरशी संबंध असेलच असं नाही. पाच धान्यं चिमूटचिमूट घातली तरी ते मल्टिग्रेनच!

मग खरं फायबरवालं बिस्किट खायचं असेल तर? ते घरी करता येतं. आणि त्याचं मुख्य धान्य पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर पिकतं.

चेलाडी फाट्याच्या पलीकडे

राजगड किंवा तोरण्याच्या ट्रेकला तुम्ही गेला असालच. साताऱ्याच्या रस्त्याला चेलाडी फाट्यावर वळलं की नसरापूर, मार्गासनी करत वेल्हे. या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत सगळे अजून वेल्हंच म्हणतात. तसंच पुढे कापूरहोळला वळलं की भोर. पावसाळ्यात इथे खाचरांत भात असतो, हे फोटोत येतंच. पण खाचराच्या वर, उताराच्या वरकस जमिनीवर जे पीक उभं असतं, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. ती नाचणी आणि वरी. मध्येमध्ये पिवळ्या फुलांचं शेत दिसतं, ते कारळ्यांचं.

नाचणी काही मूळची इथली नाही बरं का. ती हजारो वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून आली आणि सह्याद्रीत रुजली. आपले ओट्स थंड हवेच्या देशांतले. त्यामुळे ‘आपलं’ विरुद्ध ‘परकं’ असं भांडण इथे लावायचं कारणच नाही. दोघांना एकाच परातीत घेऊ.

१०० ग्रॅम मैद्यात फायबर ३ ग्रॅमसुद्धा भरत नाही. ओट्समध्ये साधारण १० ग्रॅम असतं, नाचणीत ११. नाचणीत एवढं का? कारण दाणा मोहरीएवढा आणि त्याचं लालसर साल आतल्या पिठाला घट्ट चिकटलेलं. तांदळासारखी ती पॉलिश करता येत नाही, दळली की सालासकट दळली जाते. शिवाय कॅल्शियमही १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे गहू-तांदळाच्या कितीतरी पट.

आधी माझी फजिती

माझी पहिली बॅच चहात बुडवूनही मऊ होईना. रूममेटने एक कुकी टेबलावर आपटून ‘ठक्’ आवाज काढून दाखवला. तेव्हा कळलेल्या तीन गोष्टी तुम्हाला फुकट देते.

एक, नाचणीचं पीठ कच्चं वापरू नका. मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, नाहीतर तोंडात मातकट चव राहते. दोन, नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ धरून ठेवायला काहीतरी लागतं. जवसाची पूड पाण्यात भिजवली की बुळबुळीत होते, तीच इथे अंड्याचं काम करते. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंगावर जाऊ नका. ‘तपकिरी झाल्या की काढा’ हे मैद्याच्या बिस्किटांना ठीक आहे. नाचणीचा गोळा आधीपासूनच तपकिरी! मी रंगाची वाट बघत बसले आणि दगड भाजले. कडा घट्ट झाल्या, मध्यभाग जरा मऊ आहे, तेव्हाच बाहेर काढायच्या. गार होताना त्या आपोआप कडक होतात.

साहित्य (साधारण २० कुकीज)

भाजलेलं नाचणीचं पीठ १०० ग्रॅम, साधे रोल्ड ओट्स १०० ग्रॅम (मसाला ओट्स नकोत!), लोणी १०० ग्रॅम, किसलेला गूळ १०० ग्रॅम, सुकी अंजिरं ५० ग्रॅम, मनुका ५० ग्रॅम, जवस २५ ग्रॅम, तीळ आणि कारळे मिळून २५ ग्रॅम, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ, लागेल तसं दूध.

अंजीर शेजारच्या पुरंदरचं, मनुका सांगलीकडच्या. चिया आणि क्रॅनबेरीवाचून काही अडत नाही.

कृती

जवस कोरडे भाजून पूड करा आणि चार चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. लोणी आणि गूळ हलकं होईपर्यंत फेसा, त्यात जवस घाला. पीठ, ओट्स, सोडा, मीठ, जायफळ मिसळा. बारीक चिरलेली अंजिरं, मनुका, तीळ, कारळे घाला. गोळा होईल इतपतच दूध. मग अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे ओट्स आणि नाचणी ओल शोषून घेतात. लिंबाएवढे गोळे चपटे करून १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा.

ओव्हन नाही? जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून दहा मिनिटं तापवा, त्यावर स्टँड, स्टँडवर ताटली, वर घट्ट झाकण. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रिंग आठवणीने काढा, आत पाणी घालू नका. किंवा घरी आजीला विचारा. सुट्टीत घरचं पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटं करून आणायची, हे तिने केलेलं असेल. अशी भट्टी तुमच्या गावात अजून चालू असेल तर नाचणी घेऊन जा.

आता खरं गणित

या २० कुकीजमध्ये मिळून फायबर ३५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एकीत पावणेदोन ग्रॅम. २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला साधारण ३० ग्रॅम फायबर असावं असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. दोन कुकीज खाल्ल्या तर त्याचा जेमतेम दहावा हिस्सा झाला. आणि एका कुकीत ११०-१२० कॅलरी आहेत, कारण लोणी आणि गूळ कुठे जात नाहीत. गूळ घातला म्हणून साखर टळली असंही नाही.

आता ६० ग्रॅम पिठाची नाचणीची एक भाकरी घ्या. फायबर साडेसहा ग्रॅम, म्हणजे जवळपास चार कुकीजइतकं. कॅलरी दोनशेच्या आत.

म्हणजे कुकी भाकरीची जागा घेऊ शकत नाही. ती बिस्किटपुड्याची जागा घेते, आणि तेवढं पुष्कळ आहे. (फायबर वाढवाल तेव्हा पाणीही वाढवा, नाहीतर पोट तक्रार करेल.)

डब्याचं झाकण

तुमच्यापैकी कुणी भोर-वेल्ह्याकडचं असेल तर पुढचं जास्त तुमच्यासाठी. डब्यात काळी भाकरी निघाली की झाकण अर्धवट उघडून खाणारी मुलं-मुली तुम्ही पाहिली असतील. कदाचित ते तुम्हीच असाल. गंमत बघा, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, सरकारने त्यांना ‘श्री अन्न’ नाव दिलं, आणि कॅफेत ‘रागी कुकी’ मोठ्या भावाने विकली जाते. पीठ तेच. डब्यात लाज आणि प्लेटमध्ये फॅशन!

तिकडे उतारावर मात्र काम कमी झालेलं नाही. रोपं टाकायची, भर पावसात लावण करायची, दिवाळीच्या सुमाराला एकेक कणीस खुडायचं, वाळवायचं, झोडपायचं. हे करणारे हात बहुतेक घरी राहिलेल्या आई-आजीचे. आपण पुण्यात. घरात खाणारं कुणी नसेल आणि बाहेर भाव नसेल, तर ती वरकस जमीन पडीक टाकणं सोपं असतं.

कुकीने हे सगळं सुटेल असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी गावाहून येताना दोन किलो नाचणी आणता येईल, शेजाऱ्यांकडूनही, रोख पैसे देऊन. बचत गटांचे नाचणीचे पदार्थ भीमथडी जत्रेत आवर्जून घेता येतील. कुणाच्या डोक्यात विकायचं असेल तर एफएसएसएआयची नोंदणी करून कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टॉल लावता येईल. पाटीवर ‘रागी’ नको, ‘नाचणी’च लिहा, आणि गावाचं नावही.

आणि सोमवारी डबा पूर्ण उघडा. एका बाजूला भाकरी, एका बाजूला दोन कुकीज. कुकीज सगळे मागतील. त्यांना आधी भाकरीचा तुकडा द्या.