चहाची तरतरी आणि मनाचा तोल

“डॉक्टर, यांना चहा द्यायचा की बंद करायचा?” मनोविकाराच्या रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक उठता उठता हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न साधा वाटतो. पण रुग्णाला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार असेल, तर त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

या आजारात मन दोन टोकांकडे हेलकावे खाते. उन्मादाच्या काळात झोप दोन-तीन तासांवर येते, तरी थकवा जाणवत नाही. बोलणे वाढते, मोठमोठे बेत आखले जातात, पैसा उधळला जातो. नैराश्याच्या काळात त्याच माणसाला अंथरुणातून उठवत नाही. मधल्या काळात मात्र तो चारचौघांसारखा नोकरीधंदा आणि संसार करीत असतो. हा मधला काळ लांबवणे हाच उपचाराचा हेतू. त्याला आधार दोन गोष्टींचा: नियमित औषध आणि नियमित झोप. चहा-कॉफी या दोन्हींत हात घालते.

आपल्या मेंदूत जागेपणी अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोप येऊ लागते. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याची जागा अडवते. थकवा जात नाही, तो फक्त जाणवेनासा होतो. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी ६ ला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल रात्री ११ लाही शिल्लक असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तर फिल्टर कॉफीच्या कपात ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे ही संस्था सांगते. एनर्जी ड्रिंक आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या यांतही कॅफीन असते. तेही हिशेबात धरावे.

माझ्याकडे उपचार घेणारा एक महाविद्यालयीन विद्यार्थी दीड वर्ष उत्तम होता. परीक्षेच्या आठवड्यात मित्रांबरोबर जागरणे सुरू झाली. रात्री थर्मासभर चहा आणि वर एनर्जी ड्रिंक. चौथ्या दिवशी तो झोपेनासाच झाला. आपल्याला सगळा अभ्यास एका रात्रीत उमगला, असे तो घरच्यांना सांगू लागला. आई-वडिलांना आधी वाटले, पोरगा जिद्दीने अभ्यासाला लागला आहे. सलग जागरण हे उन्मादाला मिळालेले आमंत्रणच असते. त्याचे ते वर्ष बुडाले.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. पन्नाशीचे एक किराणा दुकानदार लिथियमच्या गोळीवर कित्येक वर्षे स्थिर होते. गल्ल्यावर बसून दिवसाला सात-आठ कप चहा ही त्यांची सवय. एका आषाढी एकादशीला त्यांनी चातुर्मासासाठी चहा सोडण्याचा नेम धरला. दोन दिवसांत डोके दुखू लागले, तेव्हा औषधाच्या दुकानातून दुखणे थांबवणारी गोळी आणून घेतली. आठवड्याभरात हात थरथरू लागले, जुलाब लागले, चालताना झोक जाऊ लागला. ‘उपास बाधला’ असे घरचे म्हणाले. रक्त तपासले तेव्हा लिथियम वाढलेले निघाले. वेळेवर आले म्हणून निभावले.

हे कसे घडले? लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि कॅफीनमुळे ते जास्त बाहेर टाकले जाते. भरपूर चहा पिणाऱ्याचा डोस त्या चहासकट जमलेला असतो. चहा एकाएकी सुटला की तोच डोस जड होतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ४ ते ८ कप कॉफी पिणाऱ्या ११ रुग्णांची कॉफी बंद केली, तेव्हा त्यांच्या रक्तातील लिथियम सरासरी २४ टक्क्यांनी वाढले. त्यात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांची भर पडली, तर ते आणखी चढते. पाणी कमी पिणे, मीठ एकदम तोडणे, उन्हातान्हात घाम गाळणे यांचाही परिणाम तसाच होतो. वारीला निघणाऱ्यांनी आणि निर्जळी उपास करणाऱ्यांनी हे विसरू नये.

“पण डॉक्टर, चहा नसला तर अंगात जीवच नसतो,” असे अनेकजण म्हणतात. हा थकवा खरा असतो. पण तो आळसाचा असतोच असे नाही. तो नैराश्याची सुरुवात असू शकतो, औषधाची गुंगी असू शकते किंवा लिथियममुळे मंदावलेल्या थायरॉइड ग्रंथीचाही असू शकतो. चहाचे कप वाढवण्याआधी थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. लिथियमने तहानही फार लागते. ती पाण्यानेच भागवावी. सकाळच्या उन्हात अर्धा तास चालणे, वेळेवर जेवण आणि ठरलेल्या वेळी उठणे, यांतून येणारी ताकद हळू येते, पण टिकते.

काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) रोजचे कप ठरवून घ्यावेत. दोन-तीन पुरेत. शेवटचा कप दुपारी ३ च्या आत.

२) चहा कमी करायचा असेल तर दर चार-पाच दिवसांनी एक कप याप्रमाणे करावा. लिथियम चालू असल्यास आधी डॉक्टरांना सांगावे आणि मधे रक्ततपासणी करावी. रक्त सकाळी, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यावे.

३) नेम, उपास, व्रत जरूर करावे; पण डॉक्टरांना विचारून.

४) वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये.

५) झोप सलग दोन रात्री कमी झाली आणि तरीही उत्साह वाढला, तर तिसऱ्या रात्रीची वाट पाहू नये.

६) हात जोराने थरथरणे, जुलाब-उलट्या, जीभ जड होणे, तोल जाणे यांपैकी काही दिसले तर पुढची गोळी घेण्यापूर्वी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

घरच्यांनाही एक विनंती. रुग्णाच्या हातातला कप हिसकावून घेऊ नका आणि पाहुण्यांसोबत पाचवा कप घेण्याचा आग्रहही करू नका. ‘आज किती झाले?’ एवढे प्रेमाने विचारा. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.