ट्रकची गळती: आधी शोधा, मग बुजवा

पावसाळ्यात नगर-कल्याण महामार्गाने कांदा घेऊन निघालेला ट्रक भाळवणी, टाकळी ढोकेश्वरपर्यंत बहुधा कोरडाच जातो. आळेफाटा आणि ओतूर मागे पडलं की माळशेजची झड अंगावर येते आणि जुन्या गाडीच्या केबिनमध्ये क्लीनरच्या मानेवर पहिला थेंब पडतो. परतल्यावर सिलिकॉनची ट्यूब आणली जाते. ट्यूब संपते, गळती तशीच राहते. पुढच्या खेपेला दुसरी ट्यूब येते. पैसे जातात ते गळती बुजवण्यात नाही, तर न शोधता बुजवण्यात. या कामाभोवती जमलेले काही समज तपासून पाहू.

गैरसमज १: नगर जिल्हा कोरडा. इथल्या गाडीला गळतीची काय भीती?

वस्तुस्थिती: जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तिथे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला याच्या कितीतरी पट. ट्रक दोन्हीकडे जातो. शिवाय कोरडेपणाच गळतीची तयारी करून ठेवतो. मार्च ते मे या महिन्यांतल्या उन्हाने काचेचं आणि दाराचं रबर कडक होतं, आक्रसतं, कोपऱ्यांतून सुटतं. रस्त्यावरची बारीक माती पाणी वाहून जायच्या वाटा बुजवते. म्हणजे दोष उन्हाळ्यात तयार होतो आणि जूनमध्ये फक्त दिसतो.

गैरसमज २: जिथे ठिबकतं, भोक तिथेच असतं.

वस्तुस्थिती: पत्र्याच्या आत शिरलेलं पाणी सरळ खाली पडत नाही. ते छपराच्या आडव्या पट्टीवरून, काचेच्या कडेवरून, कधी वायरिंगच्या गुच्छावरून वाहत जातं आणि पहिल्या वाकणावर किंवा स्क्रूपाशी थेंब सोडतं. पायाशी साचलेलं पाणी पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून आलेलं असू शकतं. गाडी चढाला असेल तर ते मागे वाहतं, उताराला असेल तर पुढे. धावत्या गाडीत वारा काचेवरचं पाणी वर ढकलतो आणि ते रबराच्या ओठाखाली घुसतं. म्हणून उभ्या गाडीत कोरडी वाटलेली केबिन घाटात गळते.

थेंब पडतो तिथून वर-वर जात माग काढायचा. त्यासाठी आधी छपराचं आतलं अस्तर, दाराचा पुठ्ठा आणि पायाखालची मॅट काढावी लागते. अस्तर न काढता शोधलेली गळती हा बहुतेक वेळा अंदाजच ठरतो. पाण्याने मागे सोडलेल्या खुणाही उपयोगी पडतात. धुळीत उमटलेला ओघळ, गंजाची तांबूस रेघ, रंगाखाली आलेला फोड, या सगळ्या खुणा वरच्या दिशेने वाचत गेलं की वाट सापडते.

आणखी एक जागा हमखास पाहावी. जुन्या गाड्यांवर मालकांनी हौसेने नाव लिहिलेली पाटी, कॅरिअर, भोंगे, रंगीत दिवे बसवलेले असतात. त्यांच्या प्रत्येक बोल्टसाठी छपराला भोक पडलेलं असतं. पूर्वी कंपनीकडून चासी आणि पुढचा सांगाडा घेऊन केबिन स्थानिक कारागिरांकडून बांधून घ्यायची सर्रास पद्धत होती. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेल्या अशा केबिनमध्ये खिळ्यांची आणि स्क्रूंची भोकंही असतात. एखादं सामान पुढे काढून टाकलं तरी त्याचं भोक मागे राहतं.

गैरसमज ३: वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी मारलं की गळती लगेच सापडते.

वस्तुस्थिती: जोराचा फवारा धडधाकट रबरालाही उचलून आत शिरतो. मग नसलेली गळती सापडते आणि असलेली तिच्यात हरवते. चाचणीला साधा नळीचा संथ प्रवाह पुरतो. गाडी आधी पूर्ण कोरडी करायची. एकाने बॅटरी घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. सुरुवात सगळ्यात खालून करायची: आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची खालची कड, मग बाजू, मग वरची कड आणि शेवटी छपराची पन्हाळ. प्रत्येक टप्प्यावर चार-पाच मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळतं आणि कुठल्या सांध्याने दगा दिला ते कळत नाही.

पाण्याने हाती लागलं नाही तर उलटी युक्ती करावी. काचा-दारं बंद करून केबिनमध्ये ब्लोअरने हवा भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडे येतील तिथे वाट आहे. काही गळत्या गाडीला पीळ पडल्यावरच उघडतात. भरलेल्या गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळते आणि तिच्यासोबत केबिनही थोडी हलते. अशी शंका असेल तर एक पुढचं चाक पक्क्या उंचवट्यावर चढवून, बाकीच्या चाकांना उटी लावून, हीच चाचणी पुन्हा करून पाहावी.

गैरसमज ४: रबर फाटलेलं नाही, म्हणजे चांगलं आहे.

वस्तुस्थिती: रबराचं काम दाबलं जाऊन पुन्हा फुगण्याचं. तो गुण गेलेलं रबर दिसायला अखंड राहतं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखी अडकली तर ठीक, एखाद्या जागी सहज निसटली तर तिथे दाब नाही. रबरावर खडूची भुकटी चोळून दार लावलं की ठसा कुठे उमटला नाही तेही दिसतं. पुष्कळदा दोष रबराचा नसतोच. बिजागऱ्या झिजून दार खाली बसलेलं असतं. तिथे नवं रबरही गळणार.

पुढच्या काचेला दोन सांधे असतात, एक काच आणि रबर यांच्यातला, दुसरा रबर आणि पत्रा यांच्यातला. काचेच्या कडेने सीलंट भरून भागत नाही, कारण बरीच गळती दुसऱ्या सांध्यातून होते. रबराखाली साठलेल्या पाण्याने पत्र्याची कड खाल्लेली असते. काच उतरवून ती कड दुरुस्त केल्याशिवाय नुसतं नवं रबर बसवणं वाया जातं.

गैरसमज ५: दारात पाणी शिरतं हाच दोष. खालची भोकं बुजवून टाकावीत.

वस्तुस्थिती: दारात पाणी जाणारच, हे गृहीत धरून दार बनवलेलं असतं. काच वर-खाली करायच्या फटीतून ते आत उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पुठ्ठ्यामागचा प्लॅस्टिकचा कागद त्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन बदलताना हा कागद फाडून फेकला जातो. मातीने किंवा डेंटरच्या लांबीने तळाची भोकं बुजतात. मग दारात डबकं साचतं, दार आतून गंजतं आणि पाणी पायाशी येतं. भोकं तारेने मोकळी करणं आणि कागद पुन्हा चिकटवणं हा बिनखर्चाचा म्हणावा असा उपाय आहे.

चिलखती दलाचं केंद्र आणि रणगाड्यांचं संग्रहालय असलेल्या नगरला आत आलेल्या पाण्याला वाट देण्याची ही रीत नवी वाटू नये. पाण्यावर तरंगत जाणारा पीटी-७६ रणगाडा भारतीय लष्कराने १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर वापरला. तरंगण्यासाठीच बनवलेल्या या रणगाड्यालाही आत आलेलं पाणी उपसणारा पंप होता. पाणी अडवण्याइतकंच त्याला बाहेर जायची वाट देणं महत्त्वाचं, ही यंत्ररचनेतली जुनी शहाणीव आहे.

गैरसमज ६: सिलिकॉन आणि लांबीने काहीही बुजतं.

वस्तुस्थिती: ओल्या, तेलकट किंवा गंजलेल्या पत्र्यावर कुठलंही सीलंट धरत नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून वाळताना ॲसिटिक आम्ल सुटतं आणि उघड्या पत्र्याला तेच गंज लावतं. सिलिकॉनवर रंगही बसत नाही. पत्र्याच्या सांध्यांना गाड्यांसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट बरं. ते वाळल्यावरही लवचीक राहतं आणि त्यावर रंग चढतो. पाटी, कॅरिअर, दिवे यांच्या खाली ब्युटिल टेप घालून बोल्ट आवळावा. रबरात बसवलेल्या काचेला मात्र न वाळणारं मॅस्टिक लागतं, कारण तिथे थोडी हालचाल होतच राहते.

लांबी हे पृष्ठभाग सपाट करायचं साधन आहे. ती कडक असते, त्यामुळे केबिन पिळली की तडकते आणि मग ओल धरून ठेवते. खालचा गंज फुगत जातो आणि लांबीचा पोपडा उचलला जातो. आधी गंज खरवडून पत्रा उघडा करायचा, भोक मोठं असेल तर पत्र्याचा तुकडा वेल्ड करायचा, मग प्रायमर, सीलंट आणि रंग, हा क्रम चुकवता येत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवावी आणि पलीकडचं अस्तर, वायरिंग बाजूला करावं. सीलंट बाहेरच्या बाजूनेच लावावं. आतून लावलं तर थेंब थांबतो, पण पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये अडकून राहतं.

गैरसमज ७: केबिन ओली, म्हणजे पाऊसच आत आला.

वस्तुस्थिती: ऊन असतानाही मॅट ओली होत असेल तर पावसाला दोष देऊ नका. केबिनमध्ये हीटर असलेल्या गाडीत त्याच्या नळ्यांतून कूलंट झिरपतं. ते रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असतं. चव घेऊन कधीही पाहू नये, त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं. नंतर एसी बसवलेल्या गाडीत निथळलेलं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली की ते पाणी आत येतं. नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू वाहनांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे, तेव्हा ही तक्रार पुढे वाढणारच.

उगम कोणताही असो, ओल अंगावर काढू नये. डॅशबोर्डमागे फ्यूज बॉक्स असतो. तिथे पाणी पोचलं की दिवे आणि वायपर ऐन पावसात बंद पडतात, शॉर्टसर्किटचा धोका असतो. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस घ्यावं लागतं, आणि खालून सडलेली केबिन तिथे लपत नाही.

गैरसमज ८: ताडपत्री धड असली की माल कोरडा राहतो.

वस्तुस्थिती: हौद्यात पाणी खालूनही येतं. चाकांनी उडवलेलं पाणी तळाच्या फळ्यांच्या फटींतून आणि फाळक्याच्या कडेतून शिरतं. घोडेगाव किंवा राहुरीच्या बाजारातून भरलेला कांदा तर स्वतःच ओलावा सोडतो. काढल्यानंतरही कांद्याचा श्वास चालू असतो. घट्ट झाकलेल्या हौद्यातली उबदार दमट हवा रात्री थंड ताडपत्रीला लागते आणि आतून थेंब धरतात. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखे थेंब दिसले तर तो घाम समजावा आणि हवा खेळायला जागा ठेवावी. एकाच रेषेत ओल असेल तर ती गळती. वर पाणी साचू देणंही महागात पडतं. एक चौरस मीटर जागेत १० सेंटिमीटर पाणी तुंबलं की १०० किलो वजन होतं, आणि शिवण तिथेच उसवते. मध्ये उंचवटा आणि बाजूंना उतार हवा.

हे सारं काम मृगाच्या आधी उरकावं. मे महिन्यात पत्रा कोरडा असतो, सीलंट नीट धरतं आणि मिस्त्रीलाही सवड असते. एका वेळी एकच जागा बुजवावी. सीलंट पूर्ण वाळल्यावर नळीची चाचणी पुन्हा करावी आणि केबिन कोरडी राहिली तरच अस्तर परत बसवावं. त्याआधी बसवलं तर चुकलेली जागा थेट माळशेजमध्ये कळते.