गरम पाणी, गरम चहा आणि आपले वृद्ध

वृद्धांना होणाऱ्या भाजण्याच्या इजा म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे स्टोव्हचा भडका येतो. परंतु आंघोळीचे पाणी, चहा आणि शेकाची पिशवी यांनीही वृद्ध गंभीररीत्या भाजतात. वृद्धाश्रम असो वा निजामपुऱ्यातील आपली एका खोलीची वस्ती, हा धोका सारखाच आहे.

वयोमानाने कातडी पातळ होते. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी होते, हात थरथरतात, झटकन बाजूला होता येत नाही. सुमारे ६० अंश सेल्सिअसचे पाणी प्रौढ माणसाची कातडी अवघ्या ५ सेकंदांत खोलवर भाजू शकते. उकळून कपात ओतलेला चहा त्याहूनही गरम असतो. म्हणून "आजी, पाणी फार गरम नाही ना?" असे नुसते विचारून भागत नाही. त्यांना चटका उशिरा कळतो. पाणी आपणच पाहावे.

त्यासाठी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम पाणी घालावे व आपले कोपर बुडवून पाहावे. गरम पाण्याचे पातेले वृद्धांना उचलू देऊ नये. चहा थोडा निवल्यावर, रुंद बुडाच्या कपात, अर्धाच भरून द्यावा. अंथरुणावर वा मांडीवर ठेवू नये. शेकाच्या पिशवीत उकळते पाणी भरू नये, ती टॉवेलात गुंडाळावी व झोपताना काढून घ्यावी.

तरीही भाजलेच तर ओले कपडे, बांगड्या, अंगठ्या लगेच काढाव्यात. मात्र कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. नळाला पाणी नसेल तर पिंपातले पाणी तांब्याने ओतत राहावे. बाकीचे अंग पांघरुणाने उबदार ठेवावे. बर्फ, हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने झाकून भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

घरातील मोठी माणसे कामावर गेल्यावर आजी-आजोबांना चहा देणारे हात बहुधा विद्यार्थ्यांचेच असतात. म्हणून विद्यार्थी मित्रांनी हे नियम आजपासूनच अंगी बाणवावेत, असे आम्ही कळकळीने सांगतो. ज्यांनी आपणास वाढविले, त्यांच्या अंगावर आपल्या घाईने फोड येऊ नये.