एक्स्प्लेनर : किल्ल्याचे हॉटेल झाले तर? तेरेखोलचा इतिहास काय सांगतो

भिवंडी : राज्यातील २५ किल्ले हॉटेलसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या प्रस्तावावरून सप्टेंबर २०१९ मध्ये मोठा वाद झाला. शिवरायांशी निगडित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. १६५७ मध्ये स्वराज्यात आलेल्या कल्याण-भिवंडी पट्ट्यातही हा विषय जिव्हाळ्याचा. किल्ल्याचे हॉटेल झाल्याचे एक उदाहरण मात्र शेजारीच, गोव्यात आहे.

कुठे आहे तेरेखोल?
गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदीच्या मुखाशी. जमिनीने तो सिंधुदुर्गाला जोडलेला आहे. गोव्यातून नदी ओलांडायला केरीहून फेरीबोट मिळते.

इतिहास काय?
सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी हा किल्ला बांधला. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी जिंकला. आत सेंट अँथनीचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकावला आणि अटक पत्करली. गोवा मुक्त व्हायला डिसेंबर १९६१ उजाडला.

हॉटेल कसे?
पुढे याच तटबंदीत हेरिटेज हॉटेल सुरू झाले. खोल्या मोजून सात, प्रत्येकीला एका वाराचे नाव.

मग मुद्दा काय?
वापरात असलेल्या वास्तूची डागडुजी होत राहते, ही जमेची बाजू. पण जिथे तिरंगा फडकला, तिथे खोली न घेता सामान्य माणसाला जाता आले पाहिजे. म्हणूनच कोणताही किल्ला भाड्याने देताना दुरुस्ती कोण करणार आणि दरवाजा कोणासाठी उघडा राहणार, ही दोन कलमे करारात आधी हवीत.